काहीच न करणारी भिंत

आमच्या खिरोळ्यात मी लग्न होऊन आल्यापासून एकाही लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं नव्हतं.

म्हणजे लेकी होत्या, त्यांची लग्नं होत होती, त्यांना दिवसही जात होते. खिरोळ्याच्या लेकी तशा कशातच मागे नाहीत. पण सातवा महिना लागला, ओटी भरली, आता गाडी माहेराकडे वळायची, की सासरची माणसं घसा खाकरायची. "तसं काही नाही हो, पण तुमच्याकडं पाण्याचं जरा..." एवढंच. पुढचं वाक्य कुणी पूर्ण करायचं नाही. मग कुणी कोल्हापुरात भाड्याची खोली घ्यायचं, कुणी लेकीला मामाकडे धाडायचं, आणि आया डिंकाचे लाडू डब्यात भरून एसटीनं पाठवायच्या. लाडू माहेरचे, न्हाणी परक्याची.

दोष माळावरच्या मुलाम्याच्या कारखान्याचा. नळांना आणि गाड्यांच्या पार्टांना क्रोमचा चकचकीत मुलामा देणारा तो कारखाना मी नवी नवरी असतानाच बंद पडला. मालक कुठं गेला ते माळावरच्या टिटव्यांनाही ठाऊक नाही. मागे राहिली ती पत्रे उडालेली शेड आणि जमिनीत मुरलेलं त्याचं पाणी. देशभरच्या न्हाणीघरांत नळ चकाकले आणि आमच्या विहिरींचं पाणी हळद कालवल्यासारखं पिवळं झालं. हळदीनं अंग उजळतं, ह्या पाण्यानं चट्टे उठायचे.

आमच्याकडे घरामागच्या मोकळ्या जागेला परडं म्हणतात. पूर्वी दर परड्यात एक आड असायचा. ते सगळे आड फरशी टाकून बंद झाले आणि टँकर आला. आधी ड्रायव्हरवाला, मग बिनड्रायव्हरचा. ड्रायव्हर होता तोवर त्याला चहा पाजून एखादी घागर जास्त मिळायची. बिनड्रायव्हरचा टँकर चहा पीत नाही. "आपला आजचा कोटा संपला आहे, धन्यवाद," असं तो गोड आवाजात म्हणायचा, आणि त्या धन्यवादावर म्हातारी माणसं त्याच्या चाकाला काठी हाणायची.

हे सगळं बदललं ते डॉ. नाझनीन मुजावर नावाच्या बाईमुळे आणि तिच्या त्या भिंतीमुळे, जिला गाव म्हणायचं, काहीच न करणारी भिंत.

*

मुजावर मॅडम विद्यापीठातल्या, पण माहेर कागलचं, त्यामुळे बोलायला अगदी आमच्यातल्या. पहिल्या दिवशी शाळेच्या पटांगणात त्यांनी दोन काचेच्या बाटल्या टेबलावर ठेवल्या. एकीत पिवळं पाणी, दुसरीत स्वच्छ पाणी आणि तळाशी हिरवट गाळ.

"दोन्हीत क्रोमियमच हाय," त्या म्हणाल्या. "फक्त स्वभाव वेगळा. ह्या पिवळ्यातला सहा नंबरवाला. तो पाण्यात विरघळतो, पाण्याबरोबर गावभर हिंडतो आणि माणसाच्या अंगात शिरतो. ह्या दुसरीतला तीन नंबरवाला. तो विरघळत न्हाई. मातीला चिकटून बसला की बसला. हिंडणाऱ्याला बसता करायचं, एवढंच आपलं काम."

बसता करायचा कसा? तर लोखंडानं. सहा नंबरवाल्याला इलेक्ट्रॉनची हाव असते. लोखंड आपल्याकडचे इलेक्ट्रॉन त्याला देऊन टाकतं. त्याची हाव भागते, तो तीनवर येऊन शांत होतो, आणि देणारं लोखंड मात्र गंजतं. माझ्या मनात आलं, हे म्हणजे थेट घरातल्या थोरल्या सुनेसारखं; पण मी काही बोलले नाही, थोरली सून मीच होते.

अशा लोखंडाच्या भिंती जगात पूर्वीही जमिनीत पुरल्या गेल्या होत्या. त्यांची अडचण एकच, देऊन देऊन लोखंड थकतं, गंजानं भिंत तुंबते. मॅडमचा शोध नेमका तिथं होता. एका बंद पडलेल्या गुऱ्हाळात, काहिलीमागच्या चिखलात, त्यांना एक जंतू सापडला. तो उसाची चिपाडं खातो आणि त्या जोरावर गंजाला पुन्हा इलेक्ट्रॉन भरवतो. थकलेलं लोखंड पुन्हा देऊ लागतं. लेथवर पडणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कीस, वाळू, उसाची चिपाडं आणि हा जंतू. चारही वस्तू कोल्हापूर जिल्ह्यात पायलीला पन्नास.

भिंत घालायची कुठं, तेही मॅडमनी जमिनीवर काठीनं रेघ ओढून दाखवलं. माळाकडून गावाकडे येताना जमीन निमुळती होते. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम. जमिनीतलं पाणी त्या मुरमातून, कातळावरून, गोगलगाईच्या चालीनं गावाकडे सरकत असतं. त्याच्या वाटेत आडवा चर कातळापर्यंत खणायचा. चराच्या दोन बाजूंना फुगणाऱ्या चिकणमातीचे पंख, त्यातून पाणी जात नाही. मधोमध दार, तिथं बिडाचा कीस आणि चिपाडं. पाणी पंखांना अडतं, दाराकडे वळतं, दारातून झिरपतं आणि पलीकडे निर्धोक होऊन निघतं. मोटर नाही, वीज नाही, ऑपरेटर नाही. वरून माती लोटली की गवत उगवेल.

आमचे सरपंच आबा कुरणे कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. "ह्याचं बटण कुठं असतंय?"

"बटणच न्हाई, आबा."

"मग चालू कशी करायची?"

"ती चालूच असते."

"आवाज?"

"न्हाई."

"म्हंजे काहीच न करता आपलं पडून ऱ्हायचं." आबांनी मान डोलवली. "असा एक जावई हाय आमच्याकडं. त्याला बी सगळे हुशारच म्हणत्यात."

पटांगण हसलं. मॅडमही हसल्या आणि मग गंभीर झाल्या. "एक पथ्य मात्र पाळायचं. पाणी त्याच्या चालीनं जाऊ द्यायचं. कुणी ओढायचं न्हाई. भिंतीच्या खाली एकच थोरली विहीर, तिच्यावरून साऱ्या गावानं पाळीनं, थोडं थोडं घ्यायचं. पाणी लई आळशी असतंय. कुणी ओढलं की दारातनं जायचं सोडून पंखाला वळसा घालून तिकडं पळतंय."

ठराव झाला. भिंतीच्या आसपास जमिनीत नळकांडी उभी केली होती, त्यातून पाणी तपासायचं. गाव त्यांना नाड्या म्हणू लागलं. नाड्या बघायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला नसत्या चौकशा करायची आणि हाताला लागेल ते वाचायची खोड होती. आठवड्याला एकदा पाणी काढायचं, त्यात पट्टी बुडवायची. पट्टी जांभळी झाली तर सहा नंबरवाला आहे, पांढरी राहिली तर नाही.

पहिल्या वर्षी पट्ट्या जांभळ्याच. दुसऱ्या वर्षी गुलाबी. तिसऱ्या वर्षी शिमग्याला थोरल्या विहिरीच्या पाण्यात मी पट्टी बुडवली आणि ती पांढरी शुभ्र राहिली. मी दुसरी बुडवली. तीही पांढरी. विहिरीच्या काठावर मी एकटीच होते. पट्टी हातात धरून मोठ्यांदा हसले, आणि मग कुणी ऐकलं तर काय म्हणेल म्हणून घरी आले.

*

आता घरातलं.

माझं नाव केतकी, जावेचं मनाली. आमच्या लहानपणी ही नवीन, झोकदार नावं होती. आता आम्ही कंबर धरून उठतो आणि आजकालच्या पोरींना केतकीकाकू, मनालीकाकू ही नावं आजीबाईंची वाटतात.

दोघी एकाच घरात आलो, आणि सासरे गेल्यावर वाटणी झाली. वाटणी झाली की आमच्याकडे सगळ्याची दोन होतात. दोन चुली, दोन तुळशी, दोन मीटर. अंगणातून परड्यापर्यंत डोक्याइतकी भिंतही आली. भावाभावांचं बोलणं आठवड्यात सुरू झालं, कारण दोघांना क्रिकेट बघायला एकच टीव्ही आवडतो. आम्हा जावांचं मात्र थांबलं ते थांबलंच. सणाला भिंतीवरून वाटी जायची, वाटी यायची. रिकामी कधीच नाही. वाटी बोलायची, आम्ही नाही.

आणि शर्वी. माझी लेक, पण वाढली मनालीच्या मांडीवर. मनालीला मूल झालं नाही. शर्वी शाळेतून आली की दप्तर आमच्या दारात आणि स्वतः काकीच्या स्वयंपाकघरात. लग्न होऊन ती हुबळीला गेली, तेव्हा भिंतीच्या दोन्ही बाजूंनी रडण्याचे आवाज येत होते आणि दोन्हीकडचे पुरुष अंगणात उभे राहून एकमेकांकडे बघत होते.

शिमग्यानंतर तिचा फोन आला. पडद्यावर चेहरा भरलेला.

"आई, पाचवा लागला."

मी बरंच काही बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही, निम्मं नुसतं रडणंच होतं. मग मी म्हटलं, "इकडं येशील ना गं? पट्टी पांढरी आलीय."

ती म्हणाली, "भरवसा आहे तुझ्यावर. माझ्यापुरतं असतं तर आजच आले असते. पण पट्टी काय, आत्ता पांढरी, उद्या काय सांगावं? इथल्या आई म्हणतात, उन्हाळा काढू द्या. उन्हाळ्यात विहीर आटते, तेव्हा खरं कळेल. वैशाखात पाणी चांगलं निघालं तर आठव्यात ये म्हणाल्या. नाहीतर इथंच दवाखान्याशेजारी खोली बघून ठेवलीय."

विहीणबाईंचं चुकत नव्हतं. मीही त्यांच्या जागी हेच म्हटलं असतं, फक्त जरा टोचून.

दुसऱ्याच दिवशी मी डिंक आणि खारका आणून ठेवल्या. न्हाणीची फरशी घासून घेतली. बाजल्याला नवी नवार विणली. भिंतीपलीकडेही काहीतरी ठोकठाक चालू होती, पण मी विचारलं नाही. विचारायचं तर वाटीतून कसं विचारणार?

*

वैशाखात पट्टी जांभळी झाली.

फिकट नाही, गुलाबी नाही. वांग्यासारखी जांभळी. मी विहिरीच्या कठड्यावर बसून राहिले. सावकाश दुसरी पट्टी बुडवली, कारण माणूस मूर्ख असतो. तीही तशीच.

बातमी लपवायचा प्रश्न नव्हता, शेंदायला आलेल्या बायका माझ्या खांद्यावरून बघत होत्या. दुपारपर्यंत गाव पेटलं. "म्हटलं न्हवतं? काहीच करत न्हाई ती!" आबा कुरण्यांनी दोन दिवसांनी ग्रामसभा बोलावली. भिंत फसली असा ठराव घालायचा, थोरली विहीर कायमची बंद करायची आणि टँकरच्या पाण्यासाठी गावाचं नाव पुन्हा जन्मभराचं नोंदवायचं. एकदा असा ठराव गेला की भिंतीकडे परत कुणी बघत नसतं. आणि ह्या घरात माझ्या लेकीचं बाळ कधी न्हाणार नव्हतं.

मुजावर मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. आल्या त्या थेट भिंतीकडे. दारातून पाणी पलीकडे निघतं तिथल्या नाडीत त्यांनी पट्टी बुडवली.

पांढरी.

"दार ठीक हाय," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर घाम होता, पण खांदे सैल झाले. "घाण दारातनं आली न्हाई. वळसा घालून आलीय. कुठनं, ते आता पाणीच सांगेल."

मग आम्ही दोघी उन्हात एकेक नाडी फिरलो. टेपाला वजन बांधून आत सोडायचं, पाण्याला टेकलं की टुबुक आवाज येतो, तिथं मोजायचं. पश्चिमेकडच्या नाड्यांत पाणी नेहमीच्या उंचीला. पूर्वेकडे सरकू तसं खाली, आणखी खाली. जमिनीतल्या पाण्याचा उतारच फिरला होता. ते थोरल्या विहिरीकडे जायचं सोडून पूर्वेच्या पंखाचं टोक ओलांडून आमच्या गल्लीकडे निघालं होतं, आणि तिथून खालच्या अंगानं विहिरीत.

"कुणीतरी पाणी ओढतंय," मॅडम म्हणाल्या. "एकानं एवढं होणार न्हाई. चारसहा घरं असतील. पण सगळ्यात जास्त ओढ इथंच हाय." त्यांनी काठी ज्या दिशेनं धरली होती तिथं दोनच परडी होती. एक माझं. एक मनालीचं.

मी आमच्या भिंतीवरून पलीकडे पाहिलं. वैशाखात साऱ्या गावाची परडी भाकरीच्या तव्यासारखी तापलेली, आणि मनालीचा मोगरा हिरवागार. फुलांनी डवरलेला. दुपारी येणारी ती घरघर मी तिच्या मिक्सरची समजत होते.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, उद्या सभेत मी उतार दाखवीन. नाव मी सांगणार न्हाई. पाणी दिशा सांगतंय, नाव सांगायचं काम माणसांचं." त्या निघून गेल्या आणि मला उन्हात तशीच उभी करून गेल्या.

गप्प राहिले तर कुणाच्या परड्यात काय आहे ते सिद्ध होईतो भिंत मेली. नाव घेतलं तर भर सभेत जावेची मान खाली, आणि ही जाऊ म्हणजे शर्वीची दुसरी आई. गावातली माणसं एकमेकांच्या चुका लग्नाच्या पंगतीत नातवंडांपर्यंत वाढत असतात. मला ते ठाऊक होतं.

मी पट्ट्यांची डबी घेतली आणि भिंतीवरून नाही, रस्त्यानं वळसा घालून तिच्या पुढच्या दारात गेले.

*

मनालीनं दार उघडलं. हाताला पीठ.

"वाट चुकलासा काय, अक्का?"

"आत येऊ का?"

"या की. तुमचंच घर हाय म्हणायची पद्धत हाय." ती बाजूला झाली. "च्या करू?"

"परडं दाखव तुझं."

ती पुढे चालू लागली.

परड्यात आडावरची फरशी बाजूला सारलेली होती. आत छोटी मोटर. आणि आडाच्या शेजारी नवी कोरी न्हाणी. उंबरा नाही, आत जायला उतार, धरायला भिंतीला दांडी. बाळाला पायांवर घेऊन बसायला घोटीव दगड. कोपऱ्यात तांब्याचा बंब चिंच लावून घासलेला. ओसरीवर बाजलं, त्याला नवी नवार. माझ्या बाजल्याच्याच रंगाची. एकाच दुकानातून आणलेली असणार.

"तुमच्या न्हाणीचा उंबरा वीतभर उंच हाय," मनाली माझ्याकडे न बघता म्हणाली. "ओली बाळंतीण त्यावरनं पाय उचलणार व्हय? आणि सव्वा महिन्यानं पाणी पुजायला थोरल्या विहिरीपतोर उन्हापावसातनं चालणार? म्हटलं आड घरात हाय. हितंच न्हाऊ दे, हितंच पुजू दे. तुमच्याकडं झोपंल, माझ्याकडं न्हाईल. तुमास्नी विचारणारच हुते."

"कधी?"

"वाटीतनं चिठ्ठी घालावी म्हणत हुते." मग आवाज चढला. "आणि पाळीनं विहिरीवरनं पाणी आणून बाळंतीण न्हायला मिळतीया व्हय? चार घागरी! सगळं पाणी एकीकडं आणि आमची पोर एकीकडं. अर्ध्या एचपीची मोटर हाय, अक्का. एवढीशी. तिनं काय हुतंय?"

मी वाकले. बादलीतल्या पाण्यात पट्टी बुडवली आणि तिच्यासमोर धरली.

आम्ही दोघी बघत राहिलो. पट्टी कडेनं रंगू लागली, मग मधोमध, मग सगळीच.

मनाली घोटीव दगडावर बसली.

"ह्यात," ती म्हणाली, "ह्यात मी तिच्या बाळाला न्हायला घालणार हुते?"

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले. तिचा पिठाचा हात माझ्या हातात कधी आला ते कळलं नाही. आम्ही दोघींनी एकाच पोरीसाठी दोन बाजली विणली होती, एकमेकींना न सांगता. आमच्या घराण्यात असली चूक करायला शिकवावं लागत नाही. वाटणी झाली, की आडही आपापला.

"उद्या सभा हाय," मी म्हटलं. "मी तुझं नाव घेणार नाही."

"न्हाई," मनाली नाक पुसत म्हणाली. "माझं नाव मीच घेईन. तुमास्नी नीट घेता येत न्हाई. सगळ्यांसमोर तुम्ही मला मनालीबाई म्हणतासा."

*

सभेला शाळेचं पटांगण भरलं. आबा कुरण्यांनी ठराव वाचायला घेतला. "सदर भिंत ही निकामी..."

"आबा, थांबा." मनाली उभी राहिली. तिचा आवाज मुळातच असा, की लाऊडस्पीकर लाजतो. "भिंतीची चूक न्हाई. चूक माझ्या अर्ध्या एचपीच्या मोटरीची हाय. मी परड्यातला आड उघडला. पाणी ओढलं. त्यानं वळसा घालून घाण आणली. ठराव घालायचा तर माझ्यावर घाला, भिंतीवर नको."

एक कुत्रं आलं, सगळ्यांकडे बघितलं आणि गेलं.

मग आबांनी घसा खाकरला. "म्हंजे... अर्ध्या एचपीनं बी हुतंय व्हय असं?"

मुजावर मॅडमनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुमची किती एचपीची हाय, आबा?"

पटांगणात हसू फुटलं, आणि आबांचे कान तांबडे झाले. "म्हशीला पाणी लागतंय की हो," ते पुटपुटले. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आमचाबी उघडलाय. धुण्यापुरता." आणि मग एकेक हात वर. कुणाचा भाजीपाल्यापुरता, कुणाचा पाहुण्यांपुरता, कुणाचा नुसता, शेजाऱ्याचा उघडला म्हणून. प्रत्येकाला वाटलं होतं, सारं गाव पथ्य पाळतंय, आपल्या एकट्याच्या घोटानं काय होतंय.

"मग आता?" आबांनी ठरावाच्या कागदाची घडी करून खिशात घातली. "आमी मोटरी बंद केल्या तर पाणी आपोआप निवळतंय?"

"उतार परत सरळ हुईल. पण जे पाणी वाट चुकून आत आलंय ते गल्लीखाली बसून ऱ्हाईल. आपसूक निघायला दोन वर्षं तरी."

दोन वर्षं. मी मनालीकडे पाहिलं.

"पण," मॅडम म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत खोडकर काहीतरी चमकलं, "ज्या मोटरींनी त्याला चुकवून आणलं, त्याच मोटरी त्याला परत नेऊन सोडतील. आडातलं पाणी उपसायचं आणि पाइपानं भिंतीच्या वरच्या अंगाला, माळाकडं, जमिनीत मुरवायचं. तिथनं ते परत रांगेत लागंल आणि दारातनं यील. फक्त सावकाश. दाराला झेपंल तेवढंच. एका वेळी एकच मोटर. पाळीनं."

पाळी हा शब्द आमच्या गावाला उपजत कळतो. कुणी सांगावं लागलं नाही, तिथल्या तिथं पाळ्या लागल्या.

पहिली पाळी मनालीची. तिच्या आडापासून माळाकडे जायला सरळ वाट एकच, आमच्या परड्यातून. मधे वाटणीची भिंत. पाइप वरून न्यावा तर मोटरीला चढ झेपेना. आमचे दोघांचे नवरे भिंतीकडे बघत, हनुवट्या खाजवत, मोजमापाचं बोलू लागले. मी पहार आणली. पहिला घाव मी घातला, दुसरा मनालीनं पलीकडून. वीट पडली, आणि भोकातून मला तिचा घामेजलेला चेहरा दिसला.

"अक्का, ह्या बाजूनं मारा की. माझ्या मोगऱ्यावर पडतंय सगळं."

त्या उन्हाळ्यात साऱ्या गल्लीतून पाइप वळवळत माळाकडे गेले. आपली पाळी संपली की माणूस स्वतः शेजाऱ्याचं दार वाजवून सांगायचा. आबांची म्हैस पुन्हा टँकरच्या पाण्यावर आली आणि त्यांच्याकडे रागानं बघायची म्हणे. मी रोज पट्टी बुडवायची. वांग्याचा रंग कांद्याचा झाला, कांद्याचा गुलाबी, गुलाबीचा पायाच्या टाचेसारखा. मनाली आता माझ्याबरोबर नाड्या फिरायची. टुबुक आवाज तिला माझ्या आधी ऐकू यायचा, आणि ती ते बोलून दाखवायची.

ज्या दिवशी मनालीच्या आडातली पट्टीही पांढरी राहिली, त्या दिवशी तिनं मोटर काढून ठेवली आणि आडाला मॅडमकडून नाडीचा क्रमांक लावून घेतला. थोरल्या विहिरीचा अहवाल हुबळीला मी पाठवणार, तोवर तिनंच विहीणबाईंना फोन लावला होता.

*

विहीणबाई शर्वीला सोडायला स्वतः आल्या. गाडीच्या डिकीत हुबळीच्या पाण्याचे कॅन रचलेले. मी दारात भाकरतुकडा ओवाळला, आणि मनालीनं थोरल्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढे केला.

विहीणबाईंनी तांब्याकडे पाहिलं. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात होत्या, कुणी झाडत नव्हतं, सगळ्यांच्या हातात केरसुण्या होत्या. आबा कुरणे मुद्दाम कुठून तरी कुठंतरी चालले होते.

विहीणबाईंनी तांब्या उचलला, तोंडाला लावला, आणि खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता. "गोड आहे हो पाणी," त्या जरा नवल वाटल्यासारख्या म्हणाल्या. मग ड्रायव्हरला हाक मारली, "ते कॅन राहू दे डिकीतच."

आबांनी रस्त्याच्या मधोमध फेटा काढून कपाळ पुसलं आणि आले तसे परत गेले.

मुलगी झाली, कोल्हापुरात, दवाखान्यात. पाचव्या दिवशी घरी आली. भिंतीचं भोक तोवर दाराएवढं झालं होतं, कारण गाडगं, बंब, शेक, बाळाचे लंगोट सगळं त्यातूनच जाऊ-येऊ लागलं होतं, आणि बुजवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. शर्वी माझ्याकडच्या बाजल्यावर झोपायची आणि मनालीच्या न्हाणीत न्हायची. दुसरं बाजलं विहीणबाईंनी घेतलं. त्या दोन दिवसांसाठी आल्या होत्या, अजून होत्या.

पहिल्या अंघोळीच्या सकाळी मनाली साडी गुडघ्यापर्यंत खोचून घोटीव दगडावर पाय लांब करून बसली. माझे गुडघे आता तसे पसरत नाहीत. बाळाला तिनं पायांवर पालथं घातलं, तेल चोळलं. बाळानं पहिला सूर लावला. दारात शर्वी, तिच्यामागे गल्लीतल्या सगळ्या आया. त्यांच्या लेकी बाळंतपणी परक्या मोरीत न्हालेल्या. त्यातल्या एकीच्या धाकटीला तिसरा लागला होता.

मी थोरल्या विहिरीच्या पाण्याची बादली घेऊन उभी होते. कोमट, वाफ येणारं. हात सवयीनं कनवटीला गेला, डबी काढली, पट्टी बुडवली.

पांढरी.

मी दुसरी काढायला लागले.

"अक्का," मनाली म्हणाली, "बास झालं आता. पोर गारठतीया. पाणी वता."

मी पाणी ओतलं. बाळ असं केकाटलं की माळावरच्या टिटव्या उठल्या. आणि तिथं, गवताच्या खाली, आमची भिंत नेहमीसारखी काहीच करत नव्हती.